रविवारची दाढी आणि आपल्या ठाण्याचे लोखंडे

आपल्या मॅगझिनच्या मराठी विभागात दाढीचा उल्लेख आलाच तर तो प्रेमभंगाच्या कवितेत येतो. कवीने दाढी वाढवलेली असते आणि त्याची प्रेयसी कॉम्प्युटर ब्रँचच्या कुणाबरोबर तरी निघून गेलेली असते! दाढी वाढवण्यावर एवढं साहित्य निर्माण झालं, पण दाढी करण्यावर चार ओळी कोणी लिहीत नाही. म्हणून यंदा हा उद्योग मी अंगावर घेतला आहे. लेख शेवटी एका चरित्राकडे जाणार आहे, पण वाट बेसिनवरूनच आहे, तेव्हा थोडा धीर धरा.

आमचं हॉस्टेल खोपटला. एसटी डेपोतल्या पहिल्या गाडीचा आवाज हाच आमचा अलार्म. बुधवारी व्हायवा असला की सकाळी बेसिनसमोर रांग लागते. चार मिनिटांत एकाची दाढी उरकते आणि निम्मी पब्लिक गळ्यावर कागदाचे कपटे चिकटवून एक्स्टर्नलसमोर उभी राहते. याच पब्लिकला रविवारी दुपारी मेसमध्ये बघा. गाल गुळगुळीत, कुठे ओरखडा नाही, गळ्यावर लाल पुरळ नाही. रेझर तोच, ब्लेड तेच (खरं तर चार दिवस जास्त जुनं), नळाचं पाणी तेच आणि चेहराही, दुर्दैवाने, तोच. मग फरक पडतो कुठे?

मेकॅनिकलवाल्यांना उत्तर सोपं जावं. दाढीचा केस कोरडा असताना चिवट असतो. पाण्यात दोन-तीन मिनिटं भिजला की तो पाणी पितो, फुगतो, मऊ होतो आणि कापायला बराच कमी जोर लागतो. कोरड्या गालावर रेझर ओढणं म्हणजे कूलंट न सोडता लेथवर जॉब लावणं. टूल तापणार, फिनिश बिघडणार. फेसाचं कामही कूलंटसारखंच, केस ओला ठेवायचा आणि पातं घसरू द्यायचं. म्हणून आधी आंघोळ, नाहीतर गरम पाण्यात पिळलेला पंचा गालावर धरायचा. मग ब्रश गोल फिरवत साबण केसांच्या मुळाशी जाऊ द्यायचा आणि दोन मिनिटं काहीही न करता उभं राहायचं. हेच सगळ्यात अवघड! पातं गालाशी साधारण तीस अंशात, दाब शून्य, रेझरच्या स्वतःच्या वजनाने जेवढं कापलं जाईल तेवढंच. पहिला हात केसांच्या दिशेने. म्हणजे रफ कट. पुन्हा साबण लावून दुसरा हात आडवा. म्हणजे फिनिश कट. गळ्यावर केसांची दिशा गालापेक्षा वेगळी असते, ती आधी बोटाने चाचपून घ्यायची. शेवटी गार पाणी आणि तुरटीचा खडा. उलट्या दिशेने तिसरा हात मारायचा मोह ज्यांना होतो, त्यांनाच पुरळ उठतं, असं आमच्या विंगचं निरीक्षण आहे.

हे सगळं नीट करायला पंधरा-वीस मिनिटं लागतात. बुधवारी आपल्याकडे असतात चार. महागडा रेझर, पाच पात्यांचं काडतूस, निळी जेल, परदेशी लोशन यांनी तो हिशेब फारसा बदलत नाही. सुपरमॅक्सची साधी ब्लेडं तर कित्येक वर्षं ठाण्यातच, तीन हात नाक्याजवळच्या कारखान्यात बनायची, आणि चार आण्याच्या त्या पत्र्यानेही सुखाची दाढी होते, जर घाई नसेल तर. दाढी सुखाची होते ती मोकळ्या सकाळीने. आणि ती मोकळी सकाळ आपल्याला मिळते रविवारी.

आता मुद्द्यावर येतो. हा रविवार आपल्याला कोणी दिला?

एमपीएससीची तयारी करणारे आपले मित्र लगेच हात वर करतील. नारायण मेघाजी लोखंडे, भारतीय कामगार चळवळीचे जनक, एक मार्क! पण त्या एका मार्कापलीकडे हा माणूस आपल्याला माहीत नसतो. तो आपल्याच ठाण्यात जन्मला हेही नाही. मीही तीन वर्षं खोपट ते स्टेशन चालतो आहे, आणि हे मला ठाण्यात कोणी सांगितलं नाही, पुस्तकात मिळालं.

लोखंड्यांचा जन्म १८४८ चा. घर माळी समाजातलं, मूळचं पुण्याकडचं, परिस्थिती गरिबीची. ते साधारण पाच वर्षांचे असताना, १६ एप्रिल १८५३ ला, बोरीबंदरहून पहिली आगगाडी ठाण्याला आली. त्या गाडीचं कौतुक आपण दरवर्षी करतो. पण त्या रुळांनी ठाण्याचा आणि मुंबईचा संबंधच बदलून टाकला, आणि लोखंड्यांच्या पिढीतली शिकलेली गरीब पोरं त्याच रुळांवरून नोकरीला गेली. मॅट्रिकपर्यंत शिकून ते आधी रेल्वेत लागले, मग पोस्टात, आणि पुढे मुंबईतल्या मांडवीच्या एका कापड गिरणीत स्टोअरकीपर झाले.

स्टोअरकीपर हे पद आपल्या वर्कशॉपमध्येही आहे, त्यामुळे त्याची जागा आपल्याला कळते. तो ना मॅनेजमेंटमध्ये, ना मशीनवर. पण कोण किती वाजता आलं, कोणाचा हात पट्ट्यात गेला, कोणाचा पगार अजून झाला नाही, हे सगळं त्याच्या खिडकीसमोरून जातं. लोखंड्यांनी तिथून जे पाहिलं असणार ते थोडक्यात असं. मुंबईतली पहिली कापड गिरणी १८५० च्या दशकात निघाली आणि पुढच्या तीस वर्षांत परळ-भायखळ्याच्या बाजूला धुराड्यांचं रान उठलं. विजेचे दिवे यायचे होते, म्हणून कामाचा दिवस सूर्य ठरवायचा. उजाडल्यापासून मावळेपर्यंत. उन्हाळ्यात हे तेरा-चौदा तास व्हायचे. आठवड्याची ठरलेली सुट्टी नाही. वर्षाकाठी सणाचे मोजके दिवस गिरणी बंद, आणि अधूनमधून यंत्रं साफ करायला थांबवतील तेव्हा. पगार महिना उलटून कितीतरी दिवसांनी. १८८१ चा पहिला फॅक्टरी कायदा आला खरा, पण त्याने लहान मुलांच्या कामाचे तास तेवढे बांधले. मोठ्या माणसांच्या तासांबद्दल त्यात काही नव्हतं.

अशा माणसाने दाढी कधी करायची? हा प्रश्न मला हे वाचताना सारखा पडत होता. अंधारात उठायचं, अंधारात परतायचं. नदीकाठचा, पारावरचा, फुटपाथवरचा न्हावी काम करतो तो उजेडात, आणि उजेडाचा प्रत्येक तास गिरणीने घेतलेला. हिशेबाने पाहिलं तर गिरणी कामगाराची दाढी सणासुदीलाच होत असणार. दाढी ही किरकोळ गोष्ट आहे, मान्य. पण आजारी माणसाला दवाखान्यात नेणं, घरी पत्र लिहवून घेणं, पोराला मांडीवर घेणं, या सगळ्याला तोच उजेड लागतो.

लोखंडे जोतीराव फुल्यांच्या सत्यशोधक समाजाचे. समाजाची स्थापना २४ सप्टेंबर १८७३ ची. या विचारांचं दीनबंधू नावाचं साप्ताहिक कृष्णराव भालेकरांनी पुण्यात १८७७ मध्ये सुरू केलं. ते पैशाअभावी चालेना, तेव्हा १८८० मध्ये लोखंड्यांनी ते मुंबईत आणलं आणि आयुष्यभर चालवलं. वर्षातून एक अंक काढताना आपल्या संपादक मंडळाचे काय हाल होतात हे मी जवळून पाहिलं आहे (शेवटच्या तारखेनंतर तीन आठवड्यांनी लेख देणाऱ्यांत अस्मादिक नाहीत, याची नोंद घ्यावी). हा माणूस दर आठवड्याला अंक काढत होता. १८८८ च्या मे महिन्यात मुंबईच्या मांडवी कोळीवाड्यातल्या सभेत जोतीरावांना महात्मा ही पदवी दिली गेली. तो सत्कार घडवणाऱ्या मुंबईकर सत्यशोधकांत लोखंडे होते.

१८८४ मध्ये सरकारने गिरण्यांची चौकशी करायला कमिशन नेमलं, तेव्हा लोखंड्यांनी बॉम्बे मिलहँड्स असोसिएशन उभी केली आणि सप्टेंबरात परळला कामगारांच्या सभा घेतल्या. साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचं निवेदन तयार झालं. सह्या म्हणजे बरेचसे अंगठे असणार. मागण्या आज वाचल्या तर त्यात क्रांती वगैरे दिसत नाही. दर रविवारी पूर्ण सुट्टी. दुपारी अर्धा तास विश्रांती. काम सकाळी साडेसहाला सुरू होऊन सूर्यास्ताला संपावं. मागच्या महिन्याचा पगार पुढच्या पंधरा तारखेपर्यंत मिळावा. कामावर अपघात झाला तर बरं होईपर्यंत पगार चालू राहावा. एवढंच! कमिशनने ऐकून घेतलं आणि पुढे काही झालं नाही.

सहा वर्षं गेली. २४ एप्रिल १८९० ला महालक्ष्मीच्या रेसकोर्सच्या मैदानात सभा भरली. दहा हजारांच्या आसपास कामगार आले. दोन कामगार स्त्रियाही त्या सभेत बोलल्या, आणि ही गोष्ट मला आकड्यापेक्षा मोठी वाटते. मागणी तीच, आठवड्याला एक दिवस. या वेळी गिरणीमालकांच्या संघटनेला ती मान्य करावी लागली आणि १० जून १८९० पासून मुंबईच्या गिरण्यांना रविवारची सुट्टी मिळाली. पुढच्या वर्षीच्या फॅक्टरी कायद्यात आठवड्याची सुट्टी आली.

इथपर्यंतची गोष्ट सरळ आहे. पण त्याच १८९० साली, उन्हाळ्याच्या तोंडाशी, लोखंड्यांनी आणखी एक गोष्ट मुंबईत घडवली, आणि मला या लेखाकडे ओढलं ते तिने. तिच्यासाठी पुन्हा वस्तऱ्याकडे यावं लागेल.

सेफ्टी रेझर आणि बदलायचं पातं ही वस्तू अमेरिकेत १९०३ मध्ये विकायला आली. लोखंडे गेले १८९७ मध्ये. म्हणजे त्यांच्या हयातीत आपल्याकडे दाढी म्हणजे न्हाव्याचा हात. आमच्या खोपटच्या सलूनवाल्या काकांचे आजोबा कोकणात धोकटी काखेला मारून घरोघर जायचे. धोकटीत दोन वस्तरे, पाजवायचा दगड, चामड्याचा पट्टा, कात्री, नराणी, आरसा आणि पितळी वाटी. साबण नाही. काका सांगतात की आजोबा वाटीतलं पाणी बोटांनी गालावर घेऊन अंगठ्याने इतका वेळ चोळत की गिऱ्हाईक पेंगायला लागे. केस मऊ झाला की मग वस्तरा. म्हणजे वर मी कूलंट-बिलंट जे शहाणपण सांगितलं, ते सगळं त्या अंगठ्याला आधीच माहीत होतं. मोबदला पैशात नसे, सुगीला धान्य मिळे. ते बलुतं. गावातल्या प्रत्येक घरचं ठरलेलं काम, त्यातलं एखादं आवडत नाही म्हणून सोडायची सोय नव्हती.

आणि त्या ठरलेल्या कामांत एक काम केशवपनाचं होतं. ब्राह्मण आणि त्यांचं अनुकरण करणाऱ्या आणखी काही जातींत नवरा मेला की बायकोचं डोकं भादरायचं, तिला लाल आलवण नेसवायचं, आणि केस जरा वाढले की न्हाव्याला परत बोलवायचं. आयुष्यभर. विधवा म्हटल्यावर आपल्या डोळ्यांसमोर म्हातारी येते. बालविवाहाच्या त्या काळात ती दहा-बारा वर्षांची मुलगीही असे. घरातले मोठे पुरुष ठरवणार, भटजी शास्त्र सांगणार, आणि प्रत्यक्ष हात कोणाचा? न्हाव्याचा. त्या पोरीच्या डोळ्यांतलं पाणी ज्याला एक फुटावरून दिसत होतं, तो माणूस एकच होता, आणि त्याला मत विचारायची पद्धत नव्हती.

या प्रश्नावर त्या वेळी पुष्कळ चर्चा चालू होती. पंडिता रमाबाईंनी १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन काढलं होतं, आगरकर लिहीत होते, सभा होत होत्या, शास्त्रार्थ होत होता. सुधारक एकीकडे, सनातनी दुसरीकडे, आणि बहुतेक सगळे शिकलेले. लोखंड्यांनी प्रश्न दुसऱ्याच टोकाने धरला. वस्तरा ज्याच्या हातात आहे त्यालाच विचारू या! त्यांनी मुंबईतल्या नाभिकांची सभा भरवली. शेकड्यांनी लोक जमले आणि विधवांच्या डोक्याला यापुढे वस्तरा लावायचा नाही, हे काम पाप आहे, असं ठरवून उठले. ही बातमी विलायतेच्या टाइम्सपर्यंत गेली. हाच संप फुल्यांनी पुण्यात घडवला असंही ठिकठिकाणी लिहिलेलं आढळतं. विचार जोतीरावांचाच होता यात शंका नाही, पण १८९० च्या मुंबईतल्या संपाची उभारणी लोखंड्यांची.

इंजिनिअरच्या डोळ्यांनी बघितलं तर मला यात एक फार हुशारीची गोष्ट दिसते. एखादी यंत्रणा बंद पाडायची असेल तर तिचं मालकपण कोणाकडे आहे हे बघण्यापेक्षा ती कोणत्या एका जोडावर चालते हे बघावं. शास्त्र, समाज, इभ्रत, सगळं कितीही बलाढ्य असो, शेवटी ते दोन बोटांत धरलेल्या एका पात्यावर येऊन टेकत होतं. गिरणीतही तेच. भांडवल, बॉयलर, बाजारपेठ सगळं मालकाचं, पण तुटलेला धागा जोडणारी बोटं कामगाराची. मला वाटतं लोखंड्यांना हे स्टोअरच्या खिडकीतून दिसलं असावं. आणि संप पुण्याच्या एखाद्या खेड्यात न होता मुंबईत का झाला, याबद्दलही माझा एक अंदाज आहे. खेड्यात न्हावी बलुत्याने बांधलेला, नाही म्हटलं तर सुगीला दार बंद. मुंबईत रोख पैसे. एक गिऱ्हाईक गेलं तर दुसरं मिळण्याची शक्यता. नाही म्हणायलाही थोडी ऐपत लागते.

हे सगळं मी काकांना त्यांच्या दुकानात सांगितलं. माझ्या तोंडाला साबण होता आणि दुकानात गर्दी नव्हती. मला वाटलं होतं ते खूश होतील, आपल्या समाजाचा एवढा मोठा इतिहास! त्यांनी वस्तरा पुसला (आता वस्तऱ्यातही अर्धं ब्लेड घालतात आणि दर गिऱ्हाइकाला बदलतात) आणि विचारलं की त्या लोकांचं पुढे किती नुकसान झालं, ते भरून कोणी दिलं का. माझ्याकडे उत्तर नव्हतं. पुस्तकांत मला त्याबद्दल काही सापडलेलं नाही. ठराव करणाऱ्यांची नावं आपल्याला माहीत नाहीत, त्यांच्यापैकी किती जण दुसऱ्या दिवशी आपल्या शब्दावर राहिले हेही माहीत नाही. पण त्यांच्या घरी चूल त्याच पैशावर पेटत होती, हे काकांनी एका सेकंदात ओळखलं आणि माझ्या डोक्यात ते आलंच नव्हतं.

केशवपन त्या संपाने बंद झालं नाही हेही सांगायला हवं. पुढे कित्येक दशकं ते चालू राहिलं, आपल्या पणज्यांच्या पिढीपर्यंत. आणि न्हाव्याचा नकार प्रत्येक वेळी चांगल्याच बाजूचा होता असंही नाही. त्याच दशकात साताऱ्यात शाळकरी भीमराव आंबेडकरांचे केस कापायला एकही न्हावी तयार नव्हता, कारण पोरगं अस्पृश्याचं. गावात न्हावी भरपूर होते. तरी घरच्या पोरांचे केस थोरली बहीण कापायची, आणि ही आठवण बाबासाहेबांनी पुढे लिहून ठेवली आहे. म्हणजे तोच वस्तरा, तोच नकार. एका ठिकाणी रूढीच्या विरुद्ध, दुसऱ्या ठिकाणी रूढीच्या आज्ञेने. मला तर साताऱ्याची गोष्ट वाचल्यावर मुंबईच्या त्या नाभिकांचं मोल जास्त वाटायला लागलं. रूढीच्या बाजूने नकार द्यायला त्यांना काहीच सोसावं लागलं नसतं.

लोखंड्यांच्या पुढच्या आयुष्याबद्दल थोडं सांगतो. १८९३ च्या ऑगस्टमध्ये मुंबईत हिंदू-मुसलमानांचा मोठा दंगा झाला. गिरणगावात दोन्हीकडचे लोक एकाच खात्यात शेजारी शेजारी काम करणारे. लोखंड्यांनी राणीच्या बागेत दोन्ही समाजांचा मेळावा घेतला. पुढे सरकारने त्यांना रावबहादूर केलं. ज्या सरकारकडे ते निवेदनं घेऊन जात त्यानेच दिलेली ही पदवी त्यांनी घेतली, याबद्दल आज कोणी नाक मुरडेल. पण त्यांचा सगळा मार्गच सभा, सह्या, निवेदन, साक्ष असा होता. सरकारी कमिशनपुढे कामगारांची बाजू मांडायची तर खुर्ची हवी, आणि ती खुर्ची त्यांनी वापरली. मला त्यात काही वावगं दिसत नाही.

१८९६ च्या पावसाळ्याअखेरीस मांडवी भागात प्लेग निघाला. ज्या मांडवीत ते नोकरी करत होते तीच. हिवाळ्यापर्यंत निम्मी मुंबई रिकामी व्हायला लागली. गिरण्यांतले कामगार कोकणात, देशावर, जमेल तिकडे निघाले. ज्या रुळांनी माणसं मुंबईत आणली त्याच रुळांवरून ती भरभरून परत जाऊ लागली, ठाण्यावरूनच. लोखंडे गेले नाहीत. रोग्यांची सोय लावण्याच्या कामात ते राहिले आणि त्यातच त्यांना प्लेग झाला. ९ फेब्रुवारी १८९७ ला ते वारले. पन्नाशीही गाठली नव्हती. त्यांनी मिळवलेल्या रविवारांपैकी त्यांच्या स्वतःच्या वाट्याला जेमतेम साडेसहा वर्षांचे आले, आणि साप्ताहिक काढणाऱ्या माणसाने त्यातले किती मोकळे घालवले असतील, देव जाणे.

पोस्टाने त्यांच्या नावाचं तिकीट काढलं ते २००५ मध्ये. परळला कामगार विषयाचं शिक्षण देणाऱ्या सरकारी संस्थेला आता त्यांचं नाव आहे. आणि सलूनवाल्यांचं म्हणाल तर रविवार हा त्यांच्या धंद्याचा दिवस झाला, कारण बाकी सगळ्यांना सुट्टी असते. त्यांची सुट्टी आपल्याकडे सोमवारी. परवा सोमवारी काकांच्या दुकानाचं शटर खाली होतं आणि ते स्वतः शेजारच्या टपरीवर चहा पीत बसले होते. दाढी वाढलेली होती.